दर सेकंदाला साडेतीन मीटर

‘बाई, एक गणित सोडवून पाहिजे,’ नवनाथ दारातूनच म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या थोरल्या भावानं, अंगदनं, एका माणसाला मानगुटीला धरून माझ्या प्रयोगशाळेत आणलं. त्या माणसाचे हात पाठीमागे सुंभानं बांधलेले होते. एक डोळा सुजून मिटला होता. अंगदच्या दुसऱ्या हातात ऊस तोडायचा कोयता होता, नुकती धार लावलेला.

मी लंबकाचे गोळे पुसत होते. रविवारची सकाळ, बारावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली, म्हणून मी एकटीच येऊन बसले होते. शिपाई स्पिरिट आणायला गावात गेला होता. आमचं कॉलेज गावाबाहेर माळावर, आजूबाजूला बाभळींशिवाय कुणी नाही.

‘गणिताला कोयता कशाला लागतो?’ मी म्हणाले. माझा स्वभावच तसा. भीती वाटली की माझी जीभ जास्त चालते.

‘दार लाव रं,’ अंगद म्हणाला. नवनाथनं दार लावलं.

नवनाथ काशीद माझा विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी बारावी झालेला, हुशार म्हणावा असा नाही, पण प्रयोगाला हात चांगला. अंगद पैलवान. तालमीत घुमला, मग ट्रक चालवायला लागला. आणि तो बांधलेला माणूस म्हणजे विलास मोटे. गावात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. काशीदांची एकुलती बहीण छाया त्याला दिलेली. त्या महिन्यात ती गच्चीवरून पडून गेली होती. कपडे वाळत घालताना पाय घसरला, गच्चीला कठडा नव्हता, असं सगळं गाव म्हणत होतं. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं होतं.

‘काल छायाचा दहावा झाला, बाई,’ नवनाथ म्हणाला. ‘कावळा शिवंना.’

‘ऊन डोक्यावर आलं तरी शिवंना,’ अंगद म्हणाला. ‘आई म्हनली, पोरीचा जीव अडकलाय. मग मी नदीत हुबा ऱ्हायलो आन् बोललो, ज्येनं तुला ढकललं त्येला मी जित्ता सोडत न्हाई. आन् तवा शिवला. तवाच शिवला बगा.’

‘मी ढकललं न्हाई हो,’ विलास म्हणाला. ‘बाई, मी खाली व्हतो, अंगणात...’

अंगदनं कोयत्याची मूठ त्याच्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. विलास गुडघ्यावर बसला आणि फरशीवर रक्त थुंकला.

‘दादा आजच याला तोडणार होता,’ नवनाथ म्हणाला. ‘मी म्हणलं, आधी बाईंना विचारू. बाई, आपण पोलादी गोळी टेबलावरून सोडायचो बघा. खाली कार्बन पेपरवर ठिपका पडायचा. टेबलापासून ठिपका किती लांब, त्यावरनं तुम्ही सांगायच्या की गोळी कडेवर किती वेगानं आली. मी परवा जाऊन सगळं मोजून आलोय. गच्ची किती उंच, ती भिंतीपासून किती लांब पडली. सगळं तीनदा मोजलंय.’

तीनदा मोजायचं ही माझीच शिस्त. एका वाचनावर विश्वास ठेवायचा नाही, तीन घ्यायची आणि सरासरी काढायची. त्यासाठी मी पोरांच्या वह्या खिडकीबाहेर फेकल्या होत्या. त्याचं असं फळ मिळेल हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

‘ढकललं आसंल तर हितंच तोडतो,’ अंगद म्हणाला. ‘घसरली आसंल तर सोडून देतो. धाकट्याला शबुद दिलाय. पर लवकर सांगा. मला गनितबिनित कळत न्हाई, मला फकस्त उत्तर पायजे.’

थोरल्याचा विश्वास कावळ्यावर आणि धाकट्याचा माझ्यावर, आणि दोघांच्या मधे विलास मोट्याची मान. ऑफिसला कुलूप, फोन आत. ओरडून उपयोग नव्हता. गणित चालू असेपर्यंत हा माणूस जिवंत राहील एवढं मला दिसत होतं, म्हणून मी खडू उचलला. आणि लपवत कशाला, मलाही उत्तर हवं होतं. छायाला मी ओळखत नव्हते, पण विलासच्या दुकानासमोरून जाताना त्याला नोकराच्या कानाखाली वाजवताना मी पाहिलं होतं.

‘बाकांवर बसा,’ मी म्हणाले. ‘दोघंही. माझ्या वर्गात उभं राहून कुणी शिकत नाही.’

अंगद एवढा आडदांड गडी, पण बसला. गुडघे बाकाखाली मावेनात. विलासला त्यानं पायाशी घेतलं आणि त्याच्या मानेवर पाय ठेवला.

‘सांग, नवनाथ. उंची?’

‘सात मीटर वीस सेंटिमीटर.’

मी फळ्यावर गच्ची काढली, खाली सरळ रेघ ओढली. ‘गुरुत्वीय त्वरण दहा धरू. पडायला किती वेळ लागला?’

नवनाथच्या ओठांची हालचाल झाली. ‘दोन गुणिले सात पूर्णांक दोन, भागिले दहा. त्याचं वर्गमूळ. एक पूर्णांक दोन सेकंद.’

‘सव्वा सेकंदसुदिक न्हाई?’ अंगद एकदम म्हणाला. त्याचा आवाज फाटला. ‘एवढ्यात पडली व्हय?’

अंगदनं विलासच्या मानेवरचा पाय उचलला आणि टाच त्याच्या पाठीत घातली.

‘तिचं वजन लागंल का?’ नवनाथनं विचारलं. ‘पोस्टमार्टेममध्ये अठ्ठेचाळीस किलो लिहिलंय.’

‘पडायला वजन लागत नाही. हलकी वस्तू असो नाहीतर जड, वेळ तोच लागतो. ढकलायला मात्र वजन लागतं. ते नंतर. आता भिंतीपासून अंतर सांग. कुठवर मोजलंस?’

‘खडीवर डाग आहे, त्याच्या मधोमध. चार मीटर वीस.’

माझा खडू थांबला. चार मीटर म्हणजे या भिंतीपासून त्या टेबलापर्यंत. पाय घसरलेलं माणूस भिंतीला लागून पडतं, फार तर हातभर पुढं. हे सांगायला शाळेतलं पोरही पुरे होतं, आणि पोलीस पंचनाम्याला टेप घेऊन गेले होते.

‘भागाकार कर,’ मी म्हणाले.

‘चार पूर्णांक दोन भागिले एक पूर्णांक दोन. साडेतीन.’

‘एकक?’

‘साडेतीन मीटर दर सेकंदाला.’

‘म्हंजी काय?’ अंगदनं विचारलं.

‘म्हणजे गच्चीची कड सोडताना ती एवढ्या वेगात होती. पाय घसरला नाही.’

विलासनं फरशीवरून मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या एका डोळ्यात मला भीतीबरोबर आणखी काहीतरी दिसलं. आपली चोरी पकडली गेली की पोरं असंच बघतात.

अंगद उठला. ‘झालं तर मग. घसरली न्हाई, म्हंजी ढकललं.’ त्यानं विलासला केसांना धरून वर ओढलं आणि त्याची मान माझ्या टेबलाच्या कडेवर दाबली. तराजूची पेटी खाली पडून फुटली. ‘नवनाथ, पाय धर त्येचं.’

‘गणित अर्धं झालंय!’ मी ओरडले. माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं, पण आवाज सगळ्या कॉलेजला पुरून उरायचा. ‘अर्ध्या गणिताला मी शून्य मार्क देते, विचार तुझ्या भावाला. अठ्ठेचाळीस किलोला साडेतीनचा वेग द्यायचा तर किती ऊर्जा लागते? वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं. तीनशे ज्यूलच्या आसपास येते. तीस किलोचं पोतं कमरेपर्यंत उचलायला जेवढा जोर लागतो तेवढा. आणि तो नुसत्या एका धक्क्यात, हात लांब होईपर्यंत द्यायचा. या काडीपैलवानाला तो जमेल का?’

‘न जमायला काय झालं?’

‘तुला तरी जमेल का?’

मी मुद्दाम डिवचलं. पैलवानाला जोर आहे का असं विचारलं की तो दुसरं काही ऐकत नाही.

‘मला?’ अंगद म्हणाला. ‘मी बैल ढकलतो, बाई.’

‘मग दाखव. बाहेर व्हरांडा आहे. जोतं सव्वा मीटर उंच, मी स्वतः मोजलेलं आहे. तिथून पडायला बरोबर अर्धा सेकंद लागतो. याला कडेवर उभा कर आणि ढकल. खाली मुरमाची धूळ आहे, खूण उमटेल. पावणेदोन मीटरच्या पुढं गेला तर धक्क्यानं साडेतीनचा वेग येतो असं मी मान्य करीन.’

‘आन् मग?’

‘मग तुझं तू बघ.’

लोकांनी पुढं मला याबद्दल फार नावं ठेवली. शिकल्या-सवरल्या बाईनं माणसाला ढकलून बघायला सांगितलं! कोर्टात विलासच्या वकिलानंही हेच वाजवलं. सव्वा मीटरवरून पडलेला माणूस मरत नाही, कोयत्यानं मरतो. मला आजही त्याचं काही वाटत नाही.

‘हात सोड त्याचे,’ मी म्हणाले. ‘छायाचे बांधलेले नव्हते. परिस्थिती सारखी पाहिजे, नाहीतर प्रयोग बाद.’

खरं म्हणजे पडताना त्याला टेकायला हात असावेत, एवढंच माझ्या मनात होतं.

व्हरांड्यात ऊन आलं होतं. दूर रस्त्यावर एक बैलगाडी चालली होती, हाक पोचणार नाही इतकी दूर. नवनाथनं मीटरपट्टी घेतली आणि खाली उतरला. अंगदनं कोयता खांबाला टेकवून ठेवला आणि विलासला कडेवर उभं केलं.

‘अंगददादा, मी पाया पडतो,’ विलास म्हणाला. ‘तुमच्या बहिणीला मी सोन्यात मढवून...’

अंगदनं दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर मारले. विलास हवेत गेला आणि तोंडावर आपटला. त्याच्या टाचेची खूण धुळीत स्पष्ट उठली होती. नवनाथनं पट्टी लावली.

‘पंच्याऐंशी सेंटिमीटर.’

‘हे खरं न्हाई,’ अंगद म्हणाला. ‘पायच आकडलं त्येनं. आण वर.’

नवनाथनं त्याला बगलेत धरून वर आणलं. विलासच्या हनुवटीला मुरूम रुतला होता. या खेपेला अंगद चार पावलं मागं गेला, दंड थोपटले आणि धावत येऊन खांदा घातला. विलास कडेवरून उडाला, हातावर पडला, आणि मनगटातून काड मोडल्यासारखा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला.

‘एक मीटर पाच,’ नवनाथ म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ‘बाई, बास करायचं का?’

‘तिसरं वाचन,’ अंगदच म्हणाला. त्याला आता चेव चढला होता. ‘तीन घ्यायची आस्त्यात ना? घे तीन.’

तिसऱ्या वेळी विलासला उभं राहता येत नव्हतं. अंगदनं त्याला कमरेला धरून उभा केला आणि घामानं निथळत, शिवी घालत ढकलला. तो कुशीवर पडला आणि कितीतरी वेळ त्याला श्वास घेता येईना. एक मीटर आणि वर दोन बोटं.

मी व्हरांड्याच्या भिंतीवरच खडूनं लिहिलं. ‘सरासरी सत्त्याण्णव. म्हणजे वेग दोनाच्या आत. छाया याच्यापेक्षा हलकी होती, म्हणून थोडा वाढवून धर. तरी सव्वादोनाच्या पुढं जात नाही. आणि हा धक्का पैलवानाचा. अंगद, तुझ्या बहिणीला यानं ढकललं नाही. कुणीच ढकललं नाही.’

अंगद माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या छातीचा भाता चालला होता.

‘मग काय उडी टाकली?’ तो म्हणाला. ‘आमच्या छायानं जीव दिला म्हंता? तिनं?’ त्याचा आवाज चढत गेला. ‘ती जीव देनारातली न्हवती! मागल्या म्हयन्यात आली तर मळ्यात लिंबाचं रोप लावून गेली. म्हनली, दादा, फळं धरली की मला धाड. ती जीव दील? तुमचं गनित खोटं हाय. तुमी इकल्या गेलाय ह्येच्या हाती!’

‘दादा, गणित बरोबर आहे,’ नवनाथ म्हणाला.

अंगदनं त्याच्या थोबाडीत मारली. नवनाथ खांबावर आदळला, नाकातून रक्त आलं. तो पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला. विलासला त्यानं नुकतंच वर आणून भिंतीशी बसवलं होतं. अंगदनं कोयता उचलला.

‘कावळा खोटं बोलत न्हाई,’ तो म्हणाला आणि विलासकडं निघाला.

मला वाटलं, संपलं. मी मधे सरकले, पण त्याआधीच विलास उठला. मघाशी ज्याला उभं राहता येत नव्हतं तो उठला, आणि व्हरांड्याच्या कडेकडं पळत सुटला. मोडलेलं मनगट छातीशी धरलेलं, तोंड उघडं, आणि घशातून नुसता वाऱ्यासारखा आवाज. मागं अंगद कोयता उगारून. विलासनं पायऱ्यांकडं पाहिलंही नाही. त्यानं कडेवरून सरळ झेप घेतली.

तो पडला, आणि पुन्हा उठला नाही. घोटा उलटा वळला होता.

अंगद त्याच्या मागं खाली उडी टाकणार एवढ्यात मी खूण पाहिली. ती मघाच्या तिन्ही खुणांच्या कितीतरी पुढं होती. उत्तर मला मोजायच्या आधीच कळलं होतं.

‘नवनाथ!’ मी वर्गात ओरडायची तशी ओरडले. ‘मोज!’

सवय ही अशी असते. नाक गळत असलेला तो पोरगा खाली उतरला, जोत्याशी पट्टी टेकवली, एकदा उचलून पुढं लावली, आणि वाकून बघत राहिला. अंगदही कडेवर थबकला. तो का थांबला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

‘किती?’

‘एक मीटर... पंच्याहत्तर.’

‘भाग अर्ध्यानं.’

नवनाथनं भागलं नाही. पट्टी तशीच धुळीत टाकली आणि तो खाली बसला. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘तेच आलं.’

‘काय त्येच आलं?’ अंगदनं विचारलं.

‘साडेतीन,’ नवनाथ म्हणाला. ‘दादा, ती आली तेवढ्याच वेगात हा आला. कोयता मागं लागल्यावर.’

मी खाली उतरले. विलासच्या शेजारी धुळीत बसले. त्याच्या अंगाला घामाचा आणि मुताचा वास येत होता.

‘तुझ्या मागं अंगद होता,’ मी म्हणाले. ‘तिच्या मागं कोण होतं?’

तो रडायला लागला.

‘मी गणित केलंय, विलास. मला आकडा माहीत आहे. आता तू फक्त नाव सांग.’

‘मी,’ तो म्हणाला. ‘पर मी हात लावला न्हाई. आईची शपथ. आईला उलटं बोलली म्हनून मी दुकानातली लोखंडी टॉमी घेऊन नुसता भ्या दाखवायला वर गेलो. ती पळाली. गच्चीवर कुठं पळनार? मी म्हनलं थांब. ती थांबंना. खाली वाळूचा ढीग व्हता, कठड्याच्या बांधकामाचा. ती वाळूकडं बघून पळाली. तिला वाटलं वाळूवर पडंल. थोडक्यात ऱ्हायली. वाळूच्या अलीकडं खडी व्हती.’

मला हे आजही नीट सांगता येत नाही. इतका वेळ मी ते गणित ढकललं की घसरली असंच धरून चालले होते. फार तर उडी टाकली. ती उडी जगण्यासाठी होती हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या पोरीनं धावता धावता अंतराचा अंदाज घेतला होता. मला तिच्यासाठी इतकं रडू आलं की समोर काय चाललंय ते क्षणभर दिसेना.

तेवढ्यात अंगद खाली उतरला होता.

‘बाजूला व्हा, बाई.’

‘नाही. हे मी ऐकलंय. मी कोर्टात सांगीन. याला शिक्षा होईल.’

‘बाजूला व्हा.’

‘अंगद, मी साक्ष...’

त्यानं मला डाव्या हातानं झाडलं. मी जोत्याच्या दगडावर आदळले आणि गळ्याचं हाड मोडलं. पडल्या जागेवरून मी कोयता वर जाताना पाहिला. विलासनं तो चांगला हात वर केला. कोयता हातावर बसला आणि दोन बोटं धुळीत पडली. अंगदनं परत उचलला. या वेळी तो मानेवरच बसणार होता, पण नवनाथ प्रयोगशाळेतून लोखंडी स्टँड घेऊन धावत आला आणि त्यानं सगळ्या ताकदीनं तो सख्ख्या भावाच्या कोपरावर घातला.

अंगद ओरडला नाही. कोयता हातातून गळला. नवनाथ त्याच्या छातीवर बसला, त्याला बुक्क्या मारू लागला, आणि मारता मारता त्याच्या गळ्यात पडून रडू लागला. ‘आता तू बी जाशील फासावर,’ तो म्हणत होता, ‘मग मी आईला काय सांगू? काय सांगू रे?’

मी सरपटत गेले आणि कोयत्यावर बसले. शिपाई स्पिरिटची बाटली घेऊन सायकलवरून आला तेव्हा त्याला हे असं सगळं दिसलं, आणि त्यानं बाटली तिथंच टाकली.

विलास जगला. त्या माणसाचा जीव वाचवल्याचा मला आनंद झाला नाही, आणि वाईटही वाटलं नाही. आपला कबुलीजबाब मारून घेतला असं त्यानं कोर्टात सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण पोलिसांनी पुन्हा जाऊन मोजलं. अंतर तेच आलं. त्याच्या आईचा उलटतपासणीत जिभेवर ताबा राहिला नाही, आणि टॉमी तिच्याच पलंगाखाली निघाली. मी साक्षीला उभी राहिले. खांदा अजून बांधलेला होता, म्हणून डाव्या हातानं फळ्यावर आकृती काढली. न्यायाधीशांनी दोनदा समजावून घेतली. त्याच्या वकिलानं, पडताना हवेचा विरोध धरला का, असं विचारलं. मी म्हणाले, धरला नाही, कारण बाई म्हणजे कापूस नव्हे. सगळे हसले. मी हसले नाही. विलासला सात वर्षं झाली.

अंगदवरही खटला होताच. ज्या दिवशी माझी साक्ष झाली त्याच दिवशी त्याची तारीख होती. मी बाहेर आले तर तो कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला, हातात बेड्या, बेडीची दोरी एका हवालदाराच्या मुठीत. त्याचा कोपर नीट बसला नव्हता, हात कायमचा वाकडा राहिला. मला पाहून तो उठला.

‘बाई, लागलं का लई?’

‘लागलं.’

त्यानं मान खाली घातली. मी पुढं निघाले, तर तो म्हणाला, ‘एक इचारू का?’

‘विचार.’

‘वाळू किती लांब व्हती?’

‘भिंतीपासून चार मीटर ऐंशी.’

‘मग किती जोरात पळायला पायजे हुतं? साडेतीन न्हाई, तर किती?’

तोंडी भागाकार होता. ‘चार,’ मी म्हणाले. ‘दर सेकंदाला चार.’

‘आर्धाच कमी पडला,’ तो म्हणाला. मग त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘पर बाई, ती खोखो खेळायची. जिल्ह्याला गेली हुती. माझ्या हाताला लागायची न्हाई पळताना. तिला चार जड जाईल? सहानं पळंल ती, तुमच्या हिशोबानं.’

‘साडी होती तिच्या अंगावर,’ मी म्हणाले. ‘साडीत पाऊल लांब पडत नाही.’

पंचनाम्यात ते होतं. मी सहज बोलून गेले. अंगदचा चेहरा पाहिला तेव्हा मला कळलं की मी काहीतरी भलतंच बोलले आहे.

‘दिवाळीला ड्रेस घालून आली व्हती म्हायेरी,’ तो म्हणाला. ‘पंजाबी. तिनं स्वतः शिवलेला. मी दारातच थांबवली. म्हनलं, लगीन झालेल्या बाईनं आसं पाय मोकळं टाकत हिंडायचं न्हाई, साडी नेसून ये मग आत ये. तो ड्रेस मी चुलीत घातला. ती रडली. म्हनली, पुन्हा न्हाई घालनार, दादा.’ त्यानं माझ्याकडं पाहिलं. ‘ड्रेस आसता तर पोचली आसती?’

माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी द्यावं असं फार वाटलं. हवालदार घाई करत होता, आत पुकारा झाला होता, आणि अंगद माझ्या तोंडाकडं बघत होता.

‘पोचली असती,’ मी म्हणाले.

तो होता तिथंच खाली बसला. हवालदारानं दोरी ओढली, मग दुसऱ्यानं बगलेत हात घातला. दोघांनाही तो उचलेना.